कोपरीतलं जपानी तीर्थ

ठाण्यात त्या साली तांदूळ रेशनवर होता, साखर रेशनवर होती, रॉकेलला रांगा लागत होत्या. शहाणपण मात्र मुबलक होतं आणि घरपोच मिळत होतं. असं असूनही स्टेशनच्या पूर्वेला, कोपरीत, विश्राम साळव्यानं जपानी चहाचं दुकान काढलं तेव्हा "बाबा रे, असलं काही करू नकोस" असं त्याला एकानंही सांगितलं नाही. सगळे "वा वा" म्हणाले. वा वा म्हणायला काही रेशनकार्ड लागत नाही.

एक बायको तेवढी सांगू शकली असती. पण धंदा काढताना बायकोला विचारायचं असतं हे विश्रामला कुणी शिकवलं नव्हतं आणि पलटणीत तर असलं काही शिकवतच नाहीत.

गंमत अशी, की दुकान मुळात बायकोचंच होतं. विश्राम लढाईवर गेला होता. मराठा पलटणीबरोबर आधी इटलीत लढला. लढाई संपली, आता घरी सोडतील असं वाटलं, तर सरकारनं उचलून त्याला जपानात नेऊन ठेवलं, हरलेल्या लोकांवर पहारा करायला. इतकी वर्षं त्याची बायको रतन काही उंबऱ्यावर बसून वाट बघत नव्हती. मिठागराकडे जाणाऱ्या वाटेवर दोन बाकडी, एक चूल आणि एक किटली एवढ्यावर तिनं हॉटेल उभं केलं. मिठागरावरची माणसं सकाळी कामावर जाताना आणि ऊन चढल्यावर परतताना तिच्याकडे टेकायची. साखर मिळाली तर साखरेचा, नाहीतर गुळाचा चहा, बशी भरून. सोबत भजी. हॉटेलाला नाव नव्हतं, सगळे "रतनकडे" म्हणायचे.

त्याच वर्षांत तिला एक मुलगी झाली, चित्रा. इटलीला जाण्याआधी विश्राम रजेवर येऊन तिला पाळण्यात पाहून गेला तेवढंच. चांगली धावायला-बोलायला लागलेली पोर विषमज्वरानं गेली. तेव्हा तो जपानात होता.

सत्तेचाळीस संपता संपता विश्राम सुटून घरी आला. रतननं मनाशी ठरवून ठेवलं होतं, की तो आला की दोघं बसू, पोरीचं बोलू, मनसोक्त रडू, मग पुढचं पुढे. विश्राम आला. त्यानं ट्रंक खाली ठेवली, पाय धुतले आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "चित्राची बातमी आली त्या दिवशी तिथल्या एका म्हातारीनं मला घरात बोलावून चहा पाजला."

रतन पुढचं ऐकायला थांबली. पुढचं काही आलंच नाही. त्यानं ट्रंक उघडून तीन वस्तू काढल्या. हिरव्यागार भुकटीचा एक पत्र्याचा डबा, मातीचा काळपट वाडगा आणि बांबूच्या बारीक काड्यांची घुसळणी. म्हणाला, हा माच्चा, तिथला चहा. आणि मग, भजीला बेसन मिळतं का हल्ली, असं विचारायला लागला.

"तो चहा मला एकदा करून द्या," रतन म्हणाली.

"देईन की."

त्याला तोंडानं जे बोलता येत नव्हतं ते त्या वाडग्यात असणार, असं रतनला का कोण जाणे वाटायला लागलं. तिला तो चहा त्याच्या हातून हवा होता, समोरासमोर बसून. बाकी तिचं काही मागणं नव्हतं.

आता बायकोशी बोलायचं टाळायचं असलं की पुरुष काय काय करतात! कुणी भजनी मंडळात जातो, कुणी म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीला उभा राहतो. विश्रामनं चहागृह काढलं. बाकडी अंगणात गेली, जमिनीवर चटया आल्या, भिंतींना चुना लागला आणि किटली माळ्यावर चढली. चढवताना तो म्हणाला, "हिच्या झाकणाला पार पोचे आलेत, भंगारात देऊन टाकू." त्यावर रतन अशी काही कडाडली, "झाकणाला हात लावायचा नाही!", की इटलीतून धड परत आलेला हवालदार शिडीवरून पडता पडता राहिला.

दारावर पाटी लागली: 'जपानी चहागृह. पादत्राणे बाहेर काढावीत.' विश्राम येईल त्याला सांगायचा, तो होता त्या मात्सुए गावात मोठं तळं आहे, लोक तळ्याकाठी शांत बसतात, आधी थोडं गोड खातात आणि वर हा कडू चहा पितात. ठाणेकरांना ते लगेच पटलं. तळं म्हटलं की आपलं मासुंदा आलं, आणि जे मासुंद्याला आहे ते जगात कुठे असलंच तर ते इथूनच गेलेलं असणार.

गोड करायचं काम अर्थातच रतनकडे आलं.

"लाल चवळी शिजवायची, गूळ घालून आटवायची आणि वाटायची," विश्रामनं सांगितलं.

"म्हणजे पुरण."

"पुरण नव्हे गं. आंको म्हणतात."

"वेलदोडा किती?"

"अजिबात नाही. मग तांदळाच्या पिठाची उकड मळून मळून चिकट करायची, त्यात ते भरायचं आणि गोळा वळायचा."

"म्हणजे मोदक."

"मोदक नव्हे."

"कळ्याच पाडायच्या नाहीत, तर मोदक नव्हेच," रतन म्हणाली आणि रेशनच्या तांदळाचं पीठ चाळायला बसली. त्या तांदळात खडे किती आणि तांदूळ किती हा वेगळा विषय आहे.

उद्घाटनाला हरिहरपंत केळशीकर आले. ठाण्यातला कुठलाही नारळ यांच्याशिवाय फुटत नसे. वकील, वाचनालयाचे चिटणीस, शिवाय सुधारक. जातपात मुळीच मानत नसत, म्हणजे तसं ते भाषणात सांगत. आज एका मराठ्याच्या हॉटेलात जाहीरपणे चहा घेणार, हे त्यांनी आठवडाभर आधीपासून लोकांना ऐकवून ठेवलं होतं. त्यांच्याबरोबर आणखी पाचसहा प्रतिष्ठित मंडळी होती. सगळी धोतरं सावरून चटईवर बसली. गोळे आले, ते खाल्ले गेले. "छान, पण वेलदोडा विसरला वाटतं," एकजण हळूच म्हणाला. पडद्याआड रतननं कपाळाला हात लावला.

मग विश्राम गुडघ्यांवर बसला. त्यानं वाडगा ऊन पाण्यानं विसळला, पुसला, त्यात भुकटी घातली, पाणी ओतलं आणि घुसळणीनं फेस येईपर्यंत घुसळलं. तोफांच्या आवाजात वर्षं काढलेल्या त्या माणसाचा हात इतका हलका असेल असं रतनला वाटलं नव्हतं. पडद्याच्या फटीतून ती बघत राहिली आणि आपण पडद्याच्या चुकीच्या बाजूला आहोत असं तिला पहिल्यांदा वाटलं.

विश्रामनं वाडगा दोन्ही हातांनी हरिहरपंतांपुढे धरला आणि मान लववली. "एकच वाडगा असतो साहेब. आपण घोट घ्यायचा, कड पुसायची आणि शेजारच्याला द्यायचा. तिथं असंच पितात."

वाडग्याला कान नाही, खाली बशी नाही, हे एक वेळ चाललं असतं. पण उष्टं? एकाच्या ओठाचं दुसऱ्यानं, दुसऱ्याचं तिसऱ्यानं? आणि हा साळवी स्वतः कुठल्या भांड्यातून काय पीत असेल देव जाणे! हरिहरपंतांच्या सुधारणेत चहा बसत होता, उष्टं बसत नव्हतं. ते वाडग्याकडे बघत राहिले, मंडळी त्यांच्याकडे बघत राहिली. शेवटी पंतांच्या चेहऱ्यावर एकदम तेज आलं. त्यांनी उजव्या हाताचा द्रोण केला, खाली डावा हात धरला आणि म्हणाले, "साळवी, घरात पळी असेलच."

विश्रामला काही कळेना. पण शिपाईगडी तो, हुकूम आला की पाय आपोआप उचलतात. देवापुढची पळी आणून त्यानं पंतांच्या तळहातावर पळीभर चहा घातला. पंतांनी तो डोळे मिटून प्राशन केला. डोळे कडूपणामुळे मिटले होते, पण बघणाऱ्यांना ती भक्ती वाटली. ओला हात त्यांनी सवयीनं डोक्यावरून फिरवला. तीर्थाला विटाळ नसतो, तेव्हा सुधारणाही झाली आणि सोवळंही राहिलं. वकिलांनी केलं म्हणजे ते कायदेशीरच असणार, म्हणून बाकीच्यांनीही हात पुढे केले.

"वा!" पंत म्हणाले.

"वा वा!" मंडळी म्हणाली.

झालं. दुसऱ्या दिवसापासून कोपरीत जो येई तो हात पुढे करून बसे. कुणी येताना फुलं आणू लागलं. एका बाईनं वाडग्याला हळदकुंकू वाहिलं. वाचनालयात हरिहरपंतांनी व्याख्यान दिलं, की तळहातावर चहा घेणं हीच मूळ जपानी रीत असून ती आपल्याकडूनच तिकडे गेली आहे. वस्तू इतकी कडू म्हणजे गुणकारी असणारच, असं एका वैद्यानं सांगितल्यावर मधुमेहवाले आले, हिवतापवाले आले, ज्यांना काहीच होत नव्हतं तेही आले. पैसे देताना लोकांचा हात अडखळे, तीर्थाचे पैसे कसे द्यायचे म्हणून. विश्राम बिचारा सांगून सांगून थकला, "अहो, हा चहा आहे. प्यायचा चहा." लोक मान डोलवत. महाराज लोक असंच बोलतात, त्यांना ठाऊक होतं.

मिठागरावरची माणसं मात्र या भानगडीत पडली नाहीत. ठमाबाई मिठागरात आयुष्य घालवलेली जुनी कोपरीकरीण होती, आणि देवापासून तहसीलदारापर्यंत कुणाची भीड ठेवायची नाही हा तिचा नेम होता. एका सकाळी ती मागच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"रतन, ए रतन! तुजा दादला देव जाला काय गो?"

"हळू बोल, पुढं लोक आहेत."

"असूं दे. माजा च्या दे. त्या हिरव्या पान्यानं माजी सकाल जात नाय."

रतननं माळ्यावरची किटली खाली काढली. त्या दिवसापासून मागच्या दारी चहा सुरू झाला, बशीतला, आल्याचा. आधी मिठागरवाले आले. मग पुढच्या दारानं तीर्थ घेतलेली मंडळी तोंडाचा कडूपणा घालवायला वळसा घालून मागे येऊ लागली. एकदा खुद्द हरिहरपंत आले. ठमाबाई बाकड्यावरून जराशी सरकली, पंत बाकड्याच्या टोकाला बसले आणि बशी फुंकत दोन बशा प्याले. सुधारणा इथे झाली, पण इथे व्याख्यान नव्हतं. जपानी चहागृह चाललं ते असं मागच्या दारावर चाललं, आणि पुढच्या दारी बसून विश्रामला वाटत होतं की लोकांना माच्चा आवडतोय.

डबा मात्र रिकामा होत चालला होता. रतन रोज झाकण उघडून बघायची. रोज दुकान बंद झालं की विचारायची, "आज करता का मला?"

"आज दमलोय गं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी, "पाहुण्यांचं होऊ दे." तिसऱ्या दिवशी, "तू काय, घरचीच आहेस." घरचीच! हा शब्द ऐकला की रतनच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मधुमेहवाले प्याले, हिवतापवाले प्याले, वैद्य प्याला. जिची पोर गेली तिला तेवढी पाळी नव्हती. एकदा तो बाहेर गेलेला असताना तिनं घुसळणी हातात घेतली. तिनं स्वतः केला असता तर कुणी अडवणार नव्हतं. पण तिला चहा नको होता, तिला समोर बसलेला तो हवा होता. तिनं घुसळणी जागेवर ठेवून दिली.

आणि मग हरिहरपंत धावत आले. मुंबईचे एक बडे साहेब, सेक्रेटरिएटात ज्यांच्या सहीशिवाय पान हलत नाही असे, रविवारी खास जपानी चहा घ्यायला येणार होते. सोबत एक वार्ताहरही येणार होता. विश्रामनं डबा उघडला, तिरका करून हलवला आणि हुश्श केलं. "नशीब! साहेबांना एका वेळेपुरता आहे बघ."

रतननं "बरं" म्हटलं नाही. तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि चवळी भिजत घातली.

रविवारी तिनं गोळे वळून ताटात लावले. मग न्हाऊन ट्रंकेतलं ठेवणीतलं लुगडं नेसली. लग्नानंतर दोनदा नेसली असेल. मागच्या दाराशी ठमाबाई बसली होती. "किटली बघ जरा," एवढं तिला सांगून रतन घराला वळसा घालून पुढे आली, पाटीवर लिहिलं होतं त्याप्रमाणे वहाणा बाहेर काढल्या आणि आत जाऊन साहेबांसाठी अंथरलेल्या नव्या चटईवर बसली.

विश्राम वाडगा पुसत होता. "अगं, हे काय? ऊठ. साहेब येतील आता."

"गिऱ्हाईक आलंय," रतन म्हणाली.

"थट्टा पुरे. डब्यात एका वेळेपुरतंच आहे."

"ठाऊक आहे. म्हणूनच आज आले."

तो उभाच राहिला. रागावेल असं तिला वाटलं, आणि रागावला असता तर तिनं आज सगळ्या कोपरीला ऐकू जाईल असं भांडण काढलं असतं, तयारी होती. पण त्याचा चेहरा रागावल्यासारखा दिसेना. घाबरल्यासारखा दिसत होता. मग त्यानं ताटातला एक गोळा पानावर ठेवून तिच्यापुढे सरकवला आणि गुडघ्यांवर बसला.

रतननं गोळा खाल्ला. इतके वळले, पण बसून, कुणी वाढल्यावर, एकही खाल्ला नव्हता. वेलदोडा नसताना चवळीची आणि गुळाची चव कशी लागते हे तिला आजच कळलं. चांगली लागत होती. पलीकडे त्यानं पाणी ओतलं, घुसळायला लागला. वकिलांपुढे, वैद्यापुढे कधी न वाजलेली घुसळणी वाडग्याच्या कडेला लागून आवाज करत होती. त्यानं वाडगा दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला आणि मान इतकी खाली घातली की तिला त्याचे पिकलेले केस दिसले. इतके केव्हा पिकले हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

तिनं हात पुढे केला नाही. वाडगा घेतला आणि सरळ तोंडाला लावला. त्या वाडग्याला ठाण्यात लागलेले ते पहिले ओठ.

"कडू आहे," ती म्हणाली.

विश्रामनं मान वर केली. "काय म्हणालीस?"

"कडू आहे. विषासारखं कडू आहे. पण गोडावर बरं लागतंय."

तो हसला. घरी आल्यापासून पहिल्यांदा. "कडूच असतं गं ते! इतकी माणसं येऊन गेली, एकानं खरं सांगितलं नाही." आणि हसता हसताच तो सांगू लागला. "म्हातारीला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. तिचा मुलगा लढाईत गेलेला. त्याचा फोटो होता तिथं. मी रस्त्यातच बसलो होतो, तिनं हाताला धरून आत नेलं. हे असंच केलं. आधी स्वतः घोट घेतला आणि मग वाडगा माझ्या हातात दिला."

"मग रडलात तरी का?"

"नाही." तो चटईकडे बघत राहिला. "रडायला काहीतरी आठवायला लागतं रतन. मला एक मूठ आठवत होती. पाळण्यातून बाहेर आलेली. बस. बाकी पोर मी पाहिलीच नाही. तुझ्यासमोर बसलो की तू तिचं बोलशील, आणि मला काहीच ठाऊक नसेल, तिचा बाप असून... म्हणून मी..." मग एखाद्या अनोळखी बाईला विचारावं तसं त्यानं विचारलं, "चित्रा कशी होती गं?"

इतके महिने रतन त्याच्यावर धुमसत होती, हा पोरीबद्दल एक शब्द बोलत नाही म्हणून. त्याच्याकडे बोलायला शब्दभरही पोर नाही, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळी चित्रा तिच्याकडे होती. तिला त्याची इतकी दया आली, की आपलं रडायचं ती विसरली.

तेवढ्यात बाहेर मोटारीचं दार वाजलं. "साळवी! अहो साळवी! साहेब आले!" हरिहरपंतांचा आवाज उद्घाटनाचा होता.

विश्रामनं रतनच्या हातातला वाडगा घेतला. कड पुसली नाही. जिथं तिचे ओठ लागले होते तिथंच तोंड लावून उरलेला चहा प्यायला, आणि वाडगा खाली ठेवून दारात गेला.

"थांबावं लागेल," तो म्हणाला. "आत गिऱ्हाईक बसलंय."

"गिऱ्हाईक? अहो, प्रत्यक्ष साहेब..."

"मागच्या दारी ठमाबाई आहेत. त्या चहा देतील."

त्यानं दार लावून घेतलं. बाहेर थोडा वेळ कुजबुज चालली, मग बुटांचे आवाज वळसा घालून मागे गेले. ठमाबाईनं कुणाला तरी "सरका, बसा नीट" म्हटलेलं ऐकू आलं. काही वेळानं बशीतून भुरका मारल्याचा लांबलचक आवाज आला आणि सेक्रेटरिएटचा भारदस्त गळा म्हणाला, "वा! अस्सल जपानी!"

"वा वा!" हरिहरपंत म्हणाले.

विश्राम परत येऊन तिच्यासमोर बसला. "सांग," तो म्हणाला.

रतननं पदरानं डोळे पुसले. कुठून सुरुवात करावी ते तिला सुचेना. मागून किटलीचं झाकण खाली ठेवल्याचा आवाज आला.

"किटलीच्या झाकणाला पोचे आलेत ना," ती म्हणाली, "ते तिनं पाडलेत. पळीनं बडवत बसायची दिवसभर. आणि मी ओरडले की म्हणायची, बाबा आले की त्यांना वाजवून दाखवणार आहे."